निशाणीआधीचा थांबा

भोंगेकाकूंचं म्हणणं असं की या मतदारसंघात आमदार निवडून येत नाही, त्याला बोलून आणावं लागतं. आणि बोलून आणणार कोण, हे त्या कुणी विचारलं तरी सांगत आणि नाही विचारलं तरी सांगत. भाजीवाल्याशी घासाघीस करता करता सांगत. दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून बसावं लागे, तेवढीच काय ती त्या विषयाला विश्रांती.

बाई फुशारकी मारत, पण अगदीच हवेतली नव्हे. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांच्या नवऱ्याचं स्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. छताला भोंगे टांगलेले, भिंतीवर वायरींची वेटोळी आणि डाग द्यायच्या कथलाचा वास थेट वरच्या स्वयंपाकघरापर्यंत. निवडणूक लागली की टेम्पोच्या टपावर दोन भोंगे बांधायचे, एक पुढे तोंड करून, एक मागे. गाडी काका चालवणार आणि शेजारी माइक घेऊन काकू. दुकानाचा नियम एकच होता. जो उमेदवार आधी पायरी चढेल, त्याच्यासाठी काकू बोलणार. पक्ष कुठला, माणूस कसा, हे आपण बघायचं नाही. न्हावी काय गिऱ्हाइकाचे विचार तपासून केस कापतो?

या नियमामुळे मतदारसंघाचा सगळा इतिहास काकूंच्या घशातून गेला होता. अगदी सुरुवातीला शिडी निशाणीवाले मास्तर निवडून येत. तेव्हा काकूंचे सासरे पत्र्याचा कर्णा घेऊन सायकलवरून हिंडत. पुढे दम्याने सासऱ्यांनी अंथरूण धरलं आणि ऐन प्रचारात नव्या सुनेच्या हाती माइक आला. मास्तर पुन्हा आले. त्यानंतरच्या खेपेला छत्रीवाल्या ठेकेदारांनी मास्तरांच्या आधी दुकान गाठलं. कालपर्यंत शिडी म्हणणाऱ्या काकू छत्री म्हणू लागल्या आणि मास्तर स्वतःच्या शाळेतल्या केंद्रावरसुद्धा मागे पडले. ठेकेदार मुदत पुरी व्हायच्या आतच वारले. पोटनिवडणुकीला त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या, ज्यांना सगळे बाईसाहेब म्हणतात, आणि काकूंनी असा काही दुखरा आवाज लावला की विरोधकांच्या घरच्या बायकाही डोळे पुसत मत देऊन आल्या. मधे एकदा हद्द बदलली. नदीपलीकडची वस्ती शेजारच्या मतदारसंघात गेली आणि बाईसाहेबांची हक्काची मतं तिच्याबरोबर गेली. त्या वेळी मास्तरांचा मुलगा आला, पण इतक्या थोड्या मतांनी की मोजणी दोनदा करावी लागली. त्या खेपेला काकू मुलाकडे होत्या, हे वेगळं सांगायला नको. काकूंचा माणूस एकदाच काय तो पडला, पण तेव्हा त्यांचा घसा बसला होता. ती निवडणूक काकू धरत नसत.

आता जिंकण्याइतका हुशार माणूस स्पीकरवाल्याकडेही इतरांच्या आधी पोचतो, असं काकूंना कुणी सुचवलं नाही असं नाही. सुचवणाऱ्याला त्या घरी पुन्हा चहा मिळाला नाही.

काकूंची खरी करामत होती थांब्यात. "मतदार बंधू-भगिनींनो, चुकू नका, विसरू नका, आपली निशाणी..." इथे त्या थांबत. चांगल्या थांबत. गाडी पुढे सरकत असे, भोंगा नुसता घरघरत असे, वाण्याच्या हातातला तराजू अधांतरी राही. मग खिडकीतून, ओट्यावरून, झाडावरून पोरं ओरडत, "शिडी!" आणि काकू जणू त्यांचं ऐकूनच सावकाश म्हणत, "शिडी." लोक आपल्याच तोंडाने निशाणी म्हणत, आणि आपल्या तोंडाने म्हटलेलं माणूस विसरत नाही. हा थांबा आपला शोध, असं काकू सांगत. एकदा म्हणे माइक हातातून निसटला, उचलेपर्यंत वेळ गेला आणि त्यातून सुचलं. ही गोष्ट चालू झाली की काका गाडीचा आरसा पुसायला घेत. काका तसे कमीच बोलत. घरात एकाने बोलायचं ठरल्यावर दुसऱ्याने काय करायचं?

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना धाकटी आली.

धाकटी म्हणजे काकूंच्या धाकट्या दिराची बायको. दीर काकांपेक्षा बराच लहान, आणि त्याने लग्नही उशिरा केलं. मुलगी शिकलेली, कामाला चटपटीत, उलटून न बोलणारी. नाव ठेवायला जागा नाही, आणि जाऊबाईंना यापेक्षा मोठा त्रास कुठला? पहिल्याच सकाळी ती जिन्यातून खाली वाकून "दूध आलं का?" म्हणाली. एवढंच. दुकानातला मदतनीस हातातला पाना तसाच धरून वर बघत राहिला, आणि काकूंच्या पोटात पहिली कळ आली. साधं दूध विचारायला इतकं गोड बोलायची गरज नव्हती, असं त्यांचं मत झालं. ते पुढे कधी बदललं नाही.

त्यांनी धाकटीला कधी वाईट वागवलं नाही, हेही सांगायला हवं. फक्त माइकजवळ येऊ दिलं नाही. प्रचाराच्या गाडीत एक जागा रिकामी असे, तिथे काकू पाण्याची बाटली आणि छत्री ठेवत. धाकटीने एकदोनदा विचारून पाहिलं. ऊन फार असतं, असं काकूंनी सांगितलं.

मग दोन भावांत वाटण्या झाल्या. भांडण वगैरे नाही, दिराला कॉम्प्युटर घ्यायचा होता आणि काकांना भोंगे सोडवत नव्हते. दिराने समोरचाच गाळा घेतला, आत काचेची खोली केली, तिच्या भिंतींना स्पंज लावला आणि दारावर ध्वनिमुद्रणाची पाटी लावली. धाकटी जेवणखाण आवरून त्या खोलीत जाई, एकदा बोले, आणि दुसऱ्या दिवशी तोच आवाज मतदारसंघातल्या झाडून सगळ्या गाड्यांवर वाजे. मागच्या निवडणुकीत बाईसाहेब काकूंच्या दारावरून पुढे गेल्या त्या समोरच्या गाळ्यात. निवडूनही आल्या. त्या खेपेला काकूंच्या दुकानाची पायरी कुणीच चढलं नाही.

काकूंचा तिळपापड झाला तो इथे. त्यांनी आयुष्यभर धूळ खाल्ली होती, खड्ड्यांत माइक दातांवर आपटून घेतला होता, ज्येष्ठमध चघळून जिभेची चव घालवली होती. आणि ही? ही समोरच्या खिडकीत केस वाळवत उभी असे आणि खालून तिचाच आवाज मतं मागत जाई. भांडी घासायला बसावं तर धाकटी. कपडे वाळत घालावेत तर धाकटी. डोक्यावर उशी घेऊन पडावं तरी धाकटी, आणि तीही एकदाही न अडखळता. शेजारणी येऊन सांगत, काय गोड आवाज आहे हो तुमच्या जावेचा. काकू म्हणत, हो ना. एवढं म्हणायला त्यांना जेवढे कष्ट पडत, तेवढे भर उन्हात आख्खा मतदारसंघ फिरून पडले नव्हते.

पण हेही त्यांनी गिळलं असतं. यंत्राचा आवाज, यंत्राचं कौतुक, म्हणून सोडून दिलं असतं. गिळता आलं नाही ते दुसरंच. रेकॉर्डिंगमधली धाकटी म्हणायची, "चुकू नका, विसरू नका, आपली निशाणी..." आणि थांबायची. चांगली थांबायची. आणि पोरं ओरडायची, "छत्री!"

तो थांबा काकूंचा होता. केस काय, रंग काय, गोडवा काय, ते देवाने दिलं, त्याला इलाज नाही. पण थांबा?

या खेपेची निवडणूक जाहीर झाली तशा काकू दुकानात खुर्ची टाकून बसायला लागल्या. बाईसाहेब समोर गेल्या. मास्तरांचा मुलगा राजकारण सोडून शहरात निघून गेला होता. बाकीचे लहानसहान उमेदवारही आपापलं बोलणं फोनवरच भरून घेत होते. काका भोंग्यांवरची धूळ झटकत आणि बायकोकडे बघायचं टाळत. काकूंनी मनाशी ठरवून टाकलं होतं, या खेपेला आपण गाडीत बसलो नाही तर पुढच्या खेपेला आपल्याला कुणी विचारणारही नाही. मग आपण कोण? स्पीकरवाल्याची बायको. मतदारसंघाचा आवाज म्हणून जी ओळख होती, ती समोरच्या काचेच्या खोलीत जाऊन बसणार होती.

शेवटी आल्या त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. अपक्ष, निशाणी कात्री. खुद्द सिस्टरांनाही आपण निवडून येऊ असं वाटत नव्हतं. दवाखान्यात पाणी नसतं हे चार लोकांच्या कानावर घालावं, एवढाच त्यांचा हेतू होता. काकूंनी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, तुम्ही निवडून आलात असं समजा. हे त्या सिस्टरांसाठी बोलत नव्हत्या, समोरच्या खिडकीसाठी बोलत होत्या. खिडकी उघडी होती.

पहिले काही दिवस काकू नेहमीसारख्या फिरल्या आणि कुणी लक्ष दिलं नाही. मग एकदा अरुंद रस्त्यात त्यांची गाडी बाईसाहेबांच्या गाडीमागे अडकली. पुढच्या भोंग्यातून धाकटी विचारत होती, "सांगा, तुमच्यासाठी रस्ता कुणी केला?" काकूंच्या हातात माइक होता आणि पोटात आग होती. त्या म्हणाल्या, "केला असता तर तुझी गाडी अशी खड्ड्यात बसली नसती." रस्त्याकडेच्या दुकानांतले लोक हसले. पुढची गाडी खरंच खड्ड्यात बसली होती. धाकटीने त्याच गोड आवाजात पुढचा प्रश्न विचारला, "तुमच्या सुखदुःखात कोण धावून आलं?" काकू म्हणाल्या, "नाव सांग की. आम्हीही शोधतोय." आता लोक दारात येऊन उभे राहिले.

तिथे काकूंना किल्ली सापडली. रेकॉर्डिंग विचारू शकतं, उत्तर देऊ शकत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काकांना सांगून टाकलं, आपला रस्ता आपण ठरवायचा नाही, त्यांची गाडी जाईल तिथे मागोमाग जायचं. धाकटीचं प्रत्येक वाक्य त्यांना पाठ होतंच, उशीखालून ऐकून झालेलं होतं. आता प्रत्येकाला त्यांच्याकडे उत्तर होतं. आणि धाकटी निशाणीच्या आधी थांबली की तिच्या त्या थांब्यात, पोरांनी तोंड उघडायच्या आत, काकू म्हणत, "कात्री." पोरंही मग कात्रीच ओरडत. छत्रीवाल्यांनी रस्ते बदलून पाहिले, वेळा बदलून पाहिल्या. काका शांतपणे वळण घेत.

लोकांना असा तमाशा फुकट कुठे मिळतो? भोंगा लांबून ऐकू आला की लोक हातातलं काम टाकून दाराबाहेर येत. काकू वयाने दहा वर्षांनी लहान दिसू लागल्या. घरी येताना त्या मुद्दाम मान वर करून समोरच्या खिडकीकडे बघत. खिडकी आता बंद असे. काकूंना भूक चांगली लागू लागली, झोप चांगली लागू लागली. जळणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या घरचा धूर दिसला की असंच होतं.

एक साधासा माणूस मात्र या सगळ्यात कुणाच्या नजरेत भरला नाही. दवाखान्यातलाच कंपाउंडर, तोही अपक्ष, निशाणी बादली. त्याच्याकडे भोंगा नव्हता, गाडी नव्हती. हातात एक खरीखुरी बादली घेऊन तो पायी फिरे. एरवी त्याला बंद दारं ठोठवत बसावं लागलं असतं. पण काकूंची गाडी पुढे गेली की सगळी गल्ली दाराबाहेर उभीच असे, हसऱ्या चेहऱ्याने. तो प्रत्येकाशी दोन शब्द बोले आणि पुढे जाई. काकूंनी त्याला एकदा रस्त्यातून बाजूला व्हायला सांगितलं होतं, तेही माइकवरून.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी दुपारी बाजारातल्या चौकात छत्रीची गाडी समोरून आली, आणि तिच्यात रेकॉर्डिंग वाजत नव्हतं. ड्रायव्हरशेजारी धाकटी स्वतः बसली होती. तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता आणि माइक तिने दोन्ही हातांनी धरला होता, नवखी माणसं धरतात तसा. ती बोलली. प्रत्यक्षातला आवाज रेकॉर्डिंगपेक्षाही चांगला होता. सकाळपासून ओरडून त्याची कड तुटली होती, आणि तुटल्यामुळे तो आणखीच आत शिरत होता.

दोन टेम्पो नाकाला नाक लावून उभे राहिले. मागे घ्यायला कुणी तयार नाही. बाजार थांबला. थोडा वेळ रस्ता, पाणी, दवाखाना असं झालं. मग धाकटी म्हणाली, "आपली निशाणी..." आणि थांबली.

काकूंनी कात्री म्हणायला हवं होतं. त्यांना कात्री आठवलीच नाही. त्या म्हणाल्या, "थांबा माझा आहे. चोरलास तू माझ्याकडून."

दोन्ही भोंग्यांतून ते वाक्य चौकभर गेलं. लोकांना कळेना, कसला थांबा, पण कुणी हललं नाही. धाकटीला बरोबर कळलं.

"तुमचा नाही तो, ताई," ती म्हणाली. "मामंजींचा आहे. तुमचे दीर लहानपणी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसायचे. निशाणीपर्यंत आलं की मामंजींना दम लागायचा, कर्णा खाली करायचे, श्वास घ्यायचे. तेवढ्यात पोरं ओरडायची. मला यांनी तसंच करून दाखवलं." मग तिचा आवाज चिरकला. "तुमच्याकडून मी काय चोरणार? तुम्ही मला जवळ बसवलंत कधी?"

काकू काकांकडे वळल्या. त्यांना वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. काका बोलले.

"दमाच होता बाबांना," ते म्हणाले. "मी सांगणार होतो गं. पण तू ती माइक निसटल्याची गोष्ट सांगायला लागलीस, मग राहून गेलं."

माइक काकूंच्या मांडीवर चालूच होता. काकांचं हे वाक्यही चौकाने ऐकलं, आणि चौक हसला. काकू हसणाऱ्यांवर चिडल्या नाहीत. चिडायला त्यांना सवड नव्हती. नवी सून म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या असताना खालून आलेला तो आवाज त्यांना आता स्वच्छ ऐकू येत होता. आपली निशाणी, मग खरखर, मग पोरांचा गलका. इतकी वर्षं दुसरी गोष्ट सांगून सांगून त्यांनी ही गोष्ट पार पुसून टाकली होती. समोर धाकटी तोंड उघडत होती आणि तिच्या तोंडातून शब्द येत नव्हता. घसा पुरता गेला होता. कालपर्यंत काकूंनी यासाठी नवस केला असता.

काकांनी मशीन बंद केलं आणि गाडी मागे घेतली.

निकाल लागला. बादली निवडून आली. बाईसाहेब दुसऱ्या आणि सिस्टरांची अनामत जप्त. दोघींचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, ही म्हण त्या दिवशी मतदारसंघात ज्याच्या त्याच्या तोंडी होती. वाणीसुद्धा सुट्टे पैसे परत देताना ती काकूंना ऐकवून गेला. काकूंनी ऐकून घेतलं. ही निवडणूक धरायची नाही, असं त्यांनी एकदा म्हणून पाहिलं, पण काकांनी आरसा पुसायला घेतला नाही, सरळ त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा ते तिथेच राहिलं.

चार दिवसांनी कंपाउंडर दुकानाची पायरी चढला. लोकांचे आभार मानायला एक फेरी काढायची होती. काकूंनी त्याला विचारलं, भोंग्याशिवाय निवडून आलास, आता भोंगा कशाला? तो म्हणाला, लोकांना घराबाहेर तुम्हीच काढलंत, काकू, मी फक्त मागून चालत होतो. यात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

काकू गाडीत बसल्या. सगळ्या फेरीत त्या एकदाही थांबल्या नाहीत. आपली निशाणी बादली, बादलीला मत दिल्याबद्दल आभार, असं एका दमात म्हणून टाकत. जे आपलं नाही ते वापरायचं कशाला? लोक दारात आले, क्षणभर काहीतरी चुकल्यासारखे उभे राहिले आणि आत गेले.

आपल्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा दुपार होती. पोरं शाळेत, दारं लोटलेली. काकूंनी सवयीने सुरुवात केली, "बंधू-भगिनींनो, आपली निशाणी..." आणि त्यांना पुढे बोलता येईना. हा काही करामतीचा थांबा नव्हता. धूळ घशात गेली की वय, कोण जाणे, पण श्वास पुरला नाही. भोंगा घरघरत राहिला. ओरडायला कुणी नव्हतं.

समोरची खिडकी उघडली. धाकटी वाकून म्हणाली, "बादली."

आवाज अजून बसलेलाच होता. फाटका, खरखरीत, मधेच हवा निसटणारा. काकूंच्या पोटात कळ आली, पहिल्या दिवशीची, दूध आलं का म्हणाली होती तेव्हाची. त्यांनी माइक बंद झाला आहे ना, हे दोनदा बघितलं. मग शेजारच्या जागेवरची पाण्याची बाटली आणि छत्री उचलून पायाशी ठेवली.

"गाडी थांबवा," त्या काकांना म्हणाल्या. "तिला खाली बोलवा. आणि हसू नका. घसा बसला तरी गोड आहे मेलीचा."